स्लॅबच्या पोटातली नळी

घर बांधताना माणूस फरशी, रंग, दरवाजे यांवर महिनोन्महिने विचार करतो. विजेची नळी कोणती घालायची हे मात्र बहुधा स्लॅब ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी, दुकानात उभ्याउभ्या ठरते. वास्तविक फरशी उखडता येते, रंग बदलता येतो. काँक्रीटमध्ये गेलेली नळी घर असेपर्यंत तेथेच राहते. विद्युत सामानाच्या व्यापारात आयुष्य गेल्यामुळे मला या घाईचे नेहमी भय वाटते.

मणिबेलीच्या एका गृहस्थांनी या भयाला नेमका अर्थ दिला. नर्मदाकाठचे मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेले महाराष्ट्रातील पहिले गाव. राज्यातील ३३ बाधित गावांपैकी एक. १,२१० मीटर लांबीची ती काँक्रीटची भिंत तेथून जवळच आहे, आणि तिच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. या गृहस्थांचे जुने घर सागाच्या खांबांचे, बांबूच्या कुडांचे. पाणी चढू लागले तेव्हा वडिलांनी खांब, वासे सोडवले आणि वसाहतीत पुन्हा उभे केले. आता मुलगा त्या जागी स्लॅबचे घर बांधत होता.

‘‘शेठ, ते घर सोडवून आणता आलं. हे नाही येणार. म्हणून नळी लोखंडाचीच द्या,’’ ते म्हणाले.

लोखंडी नळीचे गुण खरे आहेत. गवंड्याच्या पायाखाली ती चेपत नाही, उंदीर ती कुरतडत नाही. सिमेंटच्या क्षारतेमुळे पोलादावर संरक्षक थर बसतो, म्हणून चांगल्या काँक्रीटच्या आत ते सहसा गंजत नाही. गंज धरतो तो नळी काँक्रीटबाहेर पडते तेथे आणि सांध्यांच्या आट्यांवर. कापलेल्या तोंडाला कानस मारली नाही तर तारेचे आवरण सोलले जाते. अर्थिंग तुटलेले असेल आणि आत तार उघडी पडली, तर सारी नळीच जिवंत होते. ॲल्युमिनियमची नळी तर उघडी काँक्रीटमध्ये घालूच नये. ओल्या सिमेंटशी क्रिया होऊन ती झिजते आणि काँक्रीटला भेगा पडतात.

मी त्यांना म्हटले, ‘‘दादा, कारखान्यात लोखंडी नळी शोभते, तेथे अर्थिंग तपासायला माणूस असतो. तुमच्या घराला आयएसआय शिक्क्याची जाड प्लॅस्टिकची नळी घ्या, आणि अर्थिंगची हिरवी तार वेगळी ओढा.’’ लोखंडी नळीत मला चार पैसे अधिक सुटले असते. परंतु जो माल उद्या काँक्रीटखाली झाकला जाणार, तो ग्राहकाला पुन्हा पारखता येत नाही. तेथे व्यापाऱ्याचा शब्द हाच त्याचा एकमेव पुरावा असतो.

त्यांना तीन गोष्टी लिहून दिल्या. नळी सळ्यांच्या खालच्या जाळीवर बसावी, जाळीखाली नव्हे. तिची जाडी स्लॅबच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावी, आणि अनेक नळ्या एकत्र बांधू नयेत, कारण तेथे काँक्रीट दुबळे होते. डब्यांत कागद कोंबून तोंडे बंद करावीत, म्हणजे सिमेंटचे पाणी आत शिरत नाही. आणि ओतण्यापूर्वी भिंतीपासूनची मापे घेऊन नळ्यांचा नकाशा कागदावर काढावा. पुढे पंख्यासाठी कोणी छत कोरले तर तोच कागद तार वाचवतो.

तिसरी सूचना त्यांनी दोनदा वाचली. जे डोळ्यांआड जाते त्याचे माप आधी कागदावर असावे, हे बुडालेल्या गावच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. स्लॅब झाल्यावर त्यांनी तो नकाशा जमिनीच्या कागदांबरोबर, त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवला.