वहीच्या पहिल्या पानावर

प्रिय आजी,



चार दिवस एकच जुनं पुस्तक वाचतेय. कोकणातल्या लोकसमजुतींच्या या नोंदी एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१५ साली छापल्या. माहिती जमवली होती जॅक्सनने. हो, तोच नाशिकचा कलेक्टर, अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी गोळ्या घातल्या तो. त्यासाठी प्रश्न गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेले, आपल्या ठाणे जिल्ह्यातही. मास्तरांनी गावदेवी, वेताळ, दृष्ट सगळं लिहून पाठवलं. उत्तरापाशी मास्तरांच्या गावाचं नाव आहे. त्यांना हे सांगणाऱ्या आज्या मात्र कुठेच नाहीत.

भुताळी, म्हणजे चेटकीण, कशी ओळखायची, हेही त्यात आहे. ते वाचताना घशाशी आलं. अशा खुणांवरून गावोगावी एखादी एकटी बाई हेरली गेली असेल. 'ही करणी करते' असं उठवून कुणाला छळणं महाराष्ट्रात कायद्याने गुन्हा ठरायला २०१३ उजाडलं.

भुताळीवरून युरोपातल्या चेटकिणी आठवल्या. तिकडे ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं, त्या ख्रिस्तपूर्व जुना धर्म पाळत होत्या, असं अभ्यासक मार्गारेट मरे यांनी १९२१ मध्ये मांडलं होतं. ब्रिटनमध्ये आज विक्का नावाचा पंथ आहे. तोही स्वतःला त्याच धर्माचा वारस समजायचा. ब्रिस्टलचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ च्या ग्रंथात दाखवून दिलं, की हा पंथ विसाव्या शतकात घडला. पण तो पाळणाऱ्यांची त्यांनी टिंगल केली नाही. माणसं देव नव्याने घडवतात, हेच त्यांना मोलाचं वाटलं. मलाही वाटतं.

म्हणून, आजी, तू लग्नात गातेस ते धवले 'हजारो वर्षांचे' असं हळदीत कुणी माइकवरून सांगितलं की मी अस्वस्थ होते. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्याही आधी धवलारणीचा मान, एवढं मोठेपण पुरे नाही का? मला त्यांचं वय वाढवायचं नाही. कुठला धवला कुणाकडून आला, कुठल्या ओळी तू स्वतः घातल्यास, कुठल्या गाळल्यास, ते वहीत उतरवून हवंय.

पाडव्याला कल्याणला येते, वही घेऊन. पहिल्या पानावर तुझं नाव, त्याखाली तुला शिकवणाऱ्या तुझ्या आत्याचं. तिला सगळे नुसतं 'आत्या' म्हणायचे ना? तिचं खरं नाव तेवढं आठवून ठेव.

तुझी नात