एकच ४०७, पण पेटी वेगळी

आज पिकाचं नाही, टेम्पोचं लिहितो. माल पोचलाच नाही तर पिकवून तरी काय करायचं?

आमची ४०७ जुनी. वसईकडून मीरा रोडला, पूनम सागरच्या गिऱ्हाइकांना पहाटे भाजी टाकतो. वरसावे पुलाच्या चढावर भरल्या गाडीचा तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला. मागचा ट्रक थेट आपल्या फाळक्यावर यायचा!

पेटी उघडली तर दात आणि सिंक्रो रिंग झिजलेली. भंगारात मागाहूनच्या ४०७ चा गिअर स्वस्तात मिळत होता. मिस्त्री म्हणाला, "दादा, गाडीचं नाव तेच, पेटी तीच असं नसतं." खरंय. ४०७ निघाली १९८६ ला, तेव्हापासून इंजिनं बदलली, पेट्याही. त्याने दोन्ही गिअर शेजारी ठेवून दात मोजले. नुसते दात जुळून भागत नाही, त्यांचा तिरकेपणा आणि आतल्या खाचाही जुळाव्या लागतात. आणि एकच गिअर नवा घातला तर झिजलेला जोडीदार त्यालाही खातो.

ऑटोमॅटिक गिअरच्या ट्रकात तर याहून अवघड. जुन्या पेटीत गिअर तेलाच्या दाबावर बदलतात, नव्यांत संगणकाच्या इशाऱ्यावर. बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतले वॉल्व्ह एकमेकांत चालत नाहीत.

आम्ही शेवटी पेटीवरचा नंबर दाखवून जोडीच नवी घेतली. वालाच्या एका तोड्याचे पैसे गेले. तुम्हीही दुकानात जाताना जुना पार्ट पिशवीत घेऊन जा. आणि कुणाकडे जुन्या पेटीची चांगली लेशाफ्ट पडून असेल तर कळवा.