अदृश्याचे हाल

झड लागलीय. घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून एच. जी. वेल्सची ‘द इन्व्हिजिबल मॅन’ पुन्हा काढली. 1897 ची कादंबरी. अदृश्य होण्याचं अप्रूप लवकरच ओसरतं. कपडे दिसतात, म्हणून अदृश्य झालेला ग्रिफिन जानेवारीच्या लंडनमध्ये उघडा कुडकुडतो. खाल्लेलं अंगी लागेपर्यंत पोटात दिसतं. झोपायचं तर डोळ्यांवर चादर ओढावी लागते, कारण पापण्याही पारदर्शक! चिखलाची पावलं पाहून पोरं मागे लागतात. आमच्या वर्ध्याच्या काळ्या मातीत तर तो दहा पावलांत सापडला असता.

पण मला खुपतं ते वेगळंच. प्रयोगासाठी त्यानं बापाचे पैसे चोरले. ते पैसे दुसऱ्याचे होते. बापानं गोळी झाडून घेतली. पोराला वाईटही वाटलं नाही. दहशतीचं राज्य आणायची भाषा पुढची; माणूस बिघडला तो दिसत असतानाच.

याच्या उलट उदाहरण इथून जवळच, सेवाग्रामला. गांधीजी 1936 मध्ये तिथे आले, तेव्हा ते शेगाव होतं. माती-बांबूच्या कुटीत बसून त्यांनी देश हलवला, आणि आहार, उपास, रक्तदाब सगळं चारचौघांत. सतत दिसत राहण्याची ही सत्ता मला ग्रिफिनच्या अदृश्य सत्तेपेक्षा अवघड वाटते. जाच तिचाही होता, पण तो जास्त कुणी सोसला? सतत माणसांच्या राबत्यात कस्तुरबांना आडोसा मिळेना, तेव्हा जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून दिली.