पोटाखालचा गंज

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात सिग्नल लागला की पुढची गाडी न्याहाळण्याखेरीज काम उरत नाही. जालना रोडला गाड्यांचं कौतुक नवं नाही. शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाचा कारखाना आहे, आणि 2010 च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम 150 मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर चर्चा झाली होती. तरी थांबलेल्या रांगेवरून नजर खाली उतरवावी, तर टपावर ऊन चमकत असतं आणि दाराखालच्या पट्टीवर गेल्या पावसाळ्याचा चिखल तसाच वाळलेला असतो.

यात पाण्याचा दोष मोठा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात गाडीवर पाइप सोडायला मन धजत नाही. शेजारीही बघत असतात. मग अर्धी बादली आणि जुनं फडकं. टप, बॉनेट, काचा होतात. दारापर्यंत येईतो बादली गढूळ होते आणि पोट राहून जातं.

इथली हवा कोरडी, समुद्र लांब. तेव्हा गंज कोकणातल्या गाड्यांना, आपल्याला कसला, अशी आपली समजूत. खारी हवा गंजाला घाई करते हे खरं, पण आपली काळी माती त्याला निवांत घर देते. फुलंब्री-कन्नडकडच्या शेतरस्त्यावरून आलेली गाडी चाकांच्या कमानीत ती चिकट माती घेऊन येते. माती वरून वाळते, पत्र्याला लागून मात्र ओलीच राहते. दाराच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोकं ठेवलेली असतात, तीही बुजतात. पाऊस येऊन जातो, ओल मुक्कामाला राहते.

त्याच क्रांती चौकात 2022 मध्ये नव्याने उभा राहिलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा ब्राँझचा आहे. हवापाण्याने ब्राँझवर चढणारा थर धातूला धरून बसतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडाच्या नशिबी ते नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. फुगतो, पापुद्रे सोडतो आणि खालचं नवं लोखंड उघडं पाडतो. कारखान्यातले सगळे थर धरूनही गाडीचा रंग असतो साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा. खडी उडून त्याचा टवका गेला की गंज कडेने रंगाखाली शिरतो आणि फोड धरतो.

जाणता पेंटर असा फोड आधी कानाने तपासतो. रॅम्पखाली उभा राहून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जातो. खणखणीत आवाज आला की पुढे. बद्द आला की हात थांबतो. तिथे टोक टेकवून दाबतो. टोक आत गेलं, तर पत्रा संपला. तो कापून नवा जोडायचा, तिथे रंगाचं काम नाही. टोक अडलं, तर तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, खालचा पत्रा लख्ख दिसेपर्यंत. तांबडी भुकटी त्याच्या मनगटावर, भुवयांवर बसते. थिनरचं फडकं फिरवून कोरडं केलं की लगेच प्रायमर, कारण उघडा पत्रा दमट रात्रीत पुन्हा तांबूस होतो. त्यावर रंग, सर्वांत शेवटी अंडरकोट, म्हणजे गाडीच्या पोटाला द्यायचा काळा लेप. सायलेन्सर, ब्रेक आणि निथळायची भोकं सोडून.

घाईचं काम सोपं असतं: गंजावरच अंडरकोटचा फवारा. तासाभरात सगळं काळंभोर, नवंकोरं. आत कोंडलेली ओल मग पत्रा सावकाश खात बसते आणि मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही. त्यापेक्षा उघडा गंज परवडला. निदान दिसतो तरी.

दसरा नेमका पाऊस ओसरताना येतो. बॉनेटला झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू आपण न चुकता ठेवतो. यंदा हाराआधी गाडी रॅम्पवर चढवा. कमानीतली माती धुऊन काढा, बुजलेल्या भोकांतून तार फिरवा, उडालेल्या टवक्यांना प्रायमर लावून घ्या. पाण्याची काटकसर करायची तर वर्षभर टपावर करा. वर्षातून एकदाचं हे पाणी खालच्या पत्र्याच्या हक्काचं आहे.