नातवाची मुंबई

बार्शीच्या आमच्या घराला चौक होता. मुले कोठे खेळतील, हा प्रश्न त्या घरात कोणास कधी पडला नाही. चौकातून ती आडत दुकानात येत, ज्वारीच्या थप्प्यांवर चढत, मुनीमजींची बोलणी खात आणि पुन्हा चौकात पळत. गेल्या वर्षी पेढी पुतण्यांकडे सोपवून आम्ही उभयता मुलाकडे भायखळ्यास राहावयास आलो, तेव्हा नातू साडेतीन वर्षांचा होता. घर अकराव्या मजल्यावर. पोर बुद्धीने तल्लख. परंतु मातीवर पाय टेकला की रडे आणि दोन पायऱ्या उतरावयाच्या तरी हात मागे. बालरोगतज्ज्ञांनी औषध लिहून दिले नाही. ‘याला रोज तासभर मोकळ्यावर सोडा,’ एवढेच ते म्हणाले. दुकानातून मोकळा झालेला मीच असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले.

आरंभ वाईट झाला. घराजवळच्या एका लहान बागेत एप्रिलच्या चार वाजता मी त्याला पत्र्याच्या घसरगुंडीवर बसविले. पत्रा तव्यासारखा तापलेला होता. पोराच्या मांड्या लाल झाल्या, आणि नंतर आठ दिवस घसरगुंडीचे नाव काढले तरी तो आजीच्या पदराआड जाई. तेव्हापासून कोणत्याही खेळण्यावर प्रथम मी स्वतःचा तळहात ठेवून पाहतो. झोपाळ्याची साखळी ओढून पाहतो, खाली रबर आहे की फरशी हे पाहतो, आणि बागेला फाटके किती आहेत तेही मोजतो. एकच फाटक असेल तर आजोबांना बाकावर बसता येते. तीन असतील तर नातवाबरोबर पळावे लागते. आयुष्यभर धान्याचा नमुना हातावर घेऊन पारखला, ती सवय अशी कामी आली.

वाळकेश्वरच्या आदीश्वर देरासरात दर्शन करून टेकडीवर गेले की समोरासमोर दोन उद्याने लागतात. फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे आपले हँगिंग गार्डन, हे पाण्याच्या जलाशयावर वसविलेले आहे. प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपे पाहून नातू हसला खरा. पण ती बाग मुख्यतः मोठ्यांच्या फिरण्याची. त्याचे मन रमले समोरच्या कमला नेहरू उद्यानात, म्हातारीच्या बुटापाशी. एका इंग्रजी बालगीतातील म्हातारी बुटात राहत असे, त्यावरून बांधलेले हे घर. बुटाचा जिना तो प्रथम माझे बोट धरून चढला. तिसऱ्या खेपेस बोट सुटले. वरच्या खिडकीतून त्याने मला हाक मारली, त्या वेळी खाली चौपाटीचा वळसा दिसत होता. मी मात्र खिडकीकडेच पाहत राहिलो.

राणीची बाग घरापासून चालत जाण्याजोगी. बुधवारी ती बंद असते, हे आम्हास दारापर्यंत जाऊन कळले. पिंजऱ्यांपाशी माझे मन लागत नाही; ‘हा घरी केव्हा जाणार?’ या नातवाच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. परंतु 1861 सालापासूनच्या त्या उद्यानातील वृक्ष पाहावेत! गोरखचिंचेच्या खोडाला हात पुरत नाहीत म्हणून त्याने मला व आजीला दोन्ही बाजूंस उभे केले. तरीही पुरले नाहीत. पडलेली पाने आणि शेंगा गोळा करताना तो मातीत फतकल मारून बसला, आणि रडला नाही. आजीने मला कोपराने डिवचले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

माटुंग्याची पाच उद्याने आम्हास उशिरा कळली. पारशी वसाहतीतील जुन्या झाडांची तेथे दाट सावली आहे. उन्हाळ्यात लहान मुलास न्यावयाचे तर माझ्या मते याहून चांगली जागा जवळपास नाही. चातुर्मासात हिरवळीवर पाय नको म्हणून आम्ही फरसबंद वाटेवरच खेळतो. मुंगीची रांग आली की नातू थांबून लांब ढांग टाकतो. जयणा म्हणजे काय हे त्याला सांगावे लागले नाही. उडी मारण्याचा खेळ म्हणूनच ती त्याच्या अंगी आली.

खरी अडचण चौविहाराची. ऊन उतरून बागा मुलांनी भरतात नेमक्या त्याच वेळी घरी ताट वाढलेले असते. हिवाळ्यात सहा वाजता सूर्य मावळतो. साडेपाचला खेळातून उचललेले पोर रस्ताभर रडत येई, ताटावर हुंदके देई, आणि सुनेला वाटे की नियम आपण त्याच्यावर लादतो आहोत. एके संध्याकाळी आजीने डब्यात ठेपले व दही घेतले आणि ते बाकावरच सूर्यास्तापूर्वी भरविले. त्यानंतर अंधार पडेपर्यंत खेळ. अट एकच, पाणीही तेव्हाच पिऊन घ्यावयाचे. दोन चिमुकल्या मैत्रिणींच्या घरूनही आता डबे येतात.

खेळण्यांविना रमण्याची एक जागा सांगावयाची राहिली, ती भुलेश्वरची पांजरापोळ. सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने 1834 साली ती स्थापन झाली. बाजाराच्या ऐन गर्दीत गाई उभ्या असतात. गाईची खरखरीत जीभ हाताला लागली तेव्हा नातू दचकला, मग त्याने दुसरा हात पुढे केला.

माझ्या मुलाला लहानपणी मी बागेत नेल्याचे आठवत नाही. सीझनमध्ये दुकान रविवारीही उघडे असे. हे मी त्याला कधी बोललो नाही. त्याचा काळबादेवीचा कापडाचा व्यापारही तसाच. परवा मात्र तो साडेपाचलाच पाच उद्यानांत आला, बूट काढून वाटेवर उभा राहिला आणि नातवाने त्याला मुंग्यांची रांग दाखविली.