सकाळी न उठणारा सीपीयू

“काका, आता बघा, चालू होईल. तुमच्या दुकानात आला की होतोच.”

निफाडकडच्या त्या ताईंनी सीपीयू काउंटरवर ठेवला. मी वायर लावली, बटण दाबलं. पंखा फिरला, एक छोटा बीप वाजला, डिस्प्ले आला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना खोटं पाडलं होतं.

ही त्यांची तिसरी खेप. पहिल्या वेळी मी रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबराने घासले होते. आमच्या धंद्यातला हा पहिला उतारा, आणि दहातल्या चार-पाच वेळा लागूही पडतो. दुसऱ्या वेळी बोर्डावरचा २०३२चा सेल तपासला. तीन व्होल्टचा सेल, मीटरवर दोनसुद्धा दाखवत नव्हता. तो बदलला, घड्याळ लावून दिलं. दोन्ही वेळा मशीन माझ्यासमोर सुरू झालं आणि दोन्ही वेळा मी पैसे घेतले. सुरू झालेलं मशीन आपण दुरुस्त केलं, असं मानण्याचा मोह फार वाईट. गिऱ्हाईक समोर उभं असतं, पाठीमागे आणखी दोघं असतात, स्क्रीन उजळते आणि आपण स्क्रू आवळायला घेतो. आपण काय बदललं आणि कशामुळे फरक पडला, या दोन प्रश्नांत अंतर असतं हे त्या घटकेला आठवत नाही.

सीपीयू सेकंडहँड होता. ऑफिसं चार-सहा वर्षांनी मशिनं काढतात, लॉटचे व्यापारी ती उचलतात, पुसूनबिसून ‘टेस्टेड ओके’चं स्टिकर लावून विकतात. यात फसवणूकच असते असं नाही. त्यातली कित्येक मशिनं नव्या स्वस्त मशिनांपेक्षा दणकट असतात. पण त्यांना पूर्वायुष्य असतं आणि ते कुणी सांगत नाही. हा सडपातळ डबाही तसलाच. आतली धूळ बारीक, करडी, गालिच्याच्या ऑफिसातली. आमच्याकडच्या धुळीत माती असते, चुलीचा नाहीतर डासांच्या कॉइलचा धूर असतो, ती बोटाला चिकटते.

ताई कॉम्प्युटर टायपिंगच्या परीक्षेचा सराव करत होत्या. तीस शब्द झाले होते, चाळीसची तयारी. पहाटे पाचला उठून तासभर बसायचं, मग घरचं, मग मळ्यातलं. आणि नेमका पाचलाच सीपीयू पॉवर घेत नव्हता. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारायचा आणि थांबायचा. कधी तेवढंही नाही.

“फॉरमॅट मारून द्या ना,” बरोबरचा भाचा म्हणाला. फॉरमॅट हे आपल्याकडचं गंगास्नान आहे, सगळ्या पापांवर चालतं. जे मशीन विंडोजपर्यंत पोचतच नाही, त्याला फॉरमॅट मारून काय होणार, हे मी त्याला समजावलं. पटलं नसावं.

मग मी उशिरा सुचलेली गोष्ट केली. स्टूल पुढे सरकवलं, म्हटलं, “बसा. सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. मशिनाचं नको, तुमचं सांगा.”

त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, “हसाल तुम्ही.” मग सांगितलं. सासूबाईंच्या शिस्तीमुळे रात्री भिंतीवरचं बटण बंद होतं. सकाळी चार-पाचदा बटण दाबून सीपीयू उठला नाही, की त्या त्याच्यावर गोधडी टाकतात, भिंतीवरचं बटण चालू ठेवतात आणि चहा करायला जातात. अर्ध्या तासाने येऊन दाबलं की बहुतेक वेळा चालू होतो. “थंडी वाजते त्याला,” असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं होतं, थट्टेत.

मी हसलो नाही. दोन महिने मी जे शोधत होतो ते त्यांना केव्हाच सापडलं होतं. फक्त ते सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

एसएमपीएसच्या, म्हणजे सीपीयूला वीज देणाऱ्या पेटीच्या, आत एक लहान सर्किट असतं. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत, सीपीयू बंद असला तरी, ते पाच व्होल्ट देत जागं असतं. राखणदार म्हणा. पुढचं बटण दाबलं की हाच राखणदार मोठ्या सप्लायला उठवतो. त्याच्याजवळचे छोटे कपॅसिटर वर्षानुवर्षं तापून आतून सुकतात. सुकलेला कपॅसिटर गारठ्यात आणखी आळशी होतो, ऊब मिळाली की कामचलाऊ होतो. ऑफिसात हे मशीन बहुधा कधी प्लगवरून निघालंच नसेल, राखणदार कायम कोमट. निफाडच्या थंडीत, रात्रभर बटण बंद, तो गारठून जायचा. आणि माझ्या दुकानात? एसटीच्या प्रवासानंतर, दुपारी बाराच्या उन्हात, भिंतीवरच्या चालू प्लगवर. तिथे तो कशाला आजारी पडेल?

सीपीयू ठेवून घेतला. प्लग काढून मागच्या पडवीत, फरशीवर, रात्रभर. सकाळी सहाला, स्वेटर घालून, बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. न चालणारं मशीन पाहून इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता.

लगेच दुसरा, चांगला एसएमपीएस बाहेर टेबलावर ठेवून चोवीस पिनांचा कनेक्टर लावला. त्याच थंडगार बोर्डाने पहिल्या दाबात डिस्प्ले दिला. बोर्ड सुटला. पण त्या सडपातळ डब्यात बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही, म्हणून जुनाच उघडला. इथे घाई करायची नसते. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी ते काही वेळ तिथेच बसून राहतात. शिकाऊ असताना एकदा त्यांनी मला स्टुलावरून खाली बसवलं होतं. आता मी आधी मीटर लावतो, मग बोट.

मोठे कपॅसिटर ठीक होते. फुगलेला एकही नाही. शेंगदाण्याएवढा एक होता, बावीस मायक्रोफॅरडचा, दिसायला अगदी नवा. इतके लहान कपॅसिटर फुगून चुगली करत नाहीत. काढून मोजला तर चार. किंमत चहापेक्षा कमी. शेजारचे दोनही बदलले, एकशेपाच अंशांचे टाकले आणि डबा पुन्हा पडवीत ठेवला. एक रात्र, दोन रात्री, तीन. तिन्ही सकाळी पहिल्या दाबात उठला.

ताई न्यायला आल्या तेव्हा मी आधीच्या दोन खेपांपैकी रॅमचे पैसे परत केले. सेल खरंच मेला होता, ते ठेवले. त्यांनी नोटा पर्समध्ये घातल्या आणि विचारलं, “मग आता गोधडी नको ना टाकायला?”

“नको. हवा कोंडते.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, “सासूबाईंचीच होती ती.”