एक ऊबदार खरेदी

कृत्रिम धाग्याशी माझं जुनं वैर आहे. ते सुरू झालं 1984 सालच्या मे महिन्यात, सोलापुरात, माझ्याच लग्नात. सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं मला चॉकलेटी रंगाचा सफारी शिवला होता. कापड शंभर टक्के पॉलिएस्टर. "जावईबापू, जन्मात चुरगळायचा नाही," असं ते म्हणाले आणि ते अक्षरशः खरं निघालं. सफारी चुरगळला नाही, मी चुरगळलो. संध्याकाळच्या स्वागत समारंभात पंख्याचा वारा सफारीपर्यंत येत होता, आत काही नाही असं पाहून परत जात होता. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत मी नुकताच विहिरीतून बाहेर काढल्यासारखा दिसतो. शेजारी सौभाग्यवती मात्र टवटवीत.

त्याच रात्री मी मनाशी शपथ घेतली की यापुढे अंगाला सुताखेरीज काही लावायचं नाही. ही शपथ मी चाळीस वर्षं पाळली. 2024 साली ती मोडली, आणि मोडण्याबद्दल वर साडेचार हजार रुपये मोजले.

त्याचं असं झालं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलं आईबापांना चांदीचं तबक देतात, फार तर अष्टविनायकाची बस. आमच्या कन्येनं आम्हाला केदारकंठा दिला. हे उत्तरकाशी जिल्ह्यातलं सुमारे साडेबारा हजार फुटांचं शिखर आहे आणि ऐन डिसेंबरात, बर्फातून, लोक तिथे आपखुशीनं चालत जातात. मी नको म्हणणार होतो. पण हिचा चेहरा पाहिला आणि गप्प बसलो. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो, तेव्हा "काश्मीर पुढच्या वर्षी" असं मी हिला सांगितलं होतं. ते पुढचं वर्ष चाळीस वर्षं वाटेतच होतं. हिनं आयुष्यात पाहिलेला सगळा बर्फ आमच्या फ्रीजमधला, आणि तोही दर पंधरा दिवसांनी हिनंच खरवडून काढलेला.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना तपासून दाखला दिला. रोज पर्वती चढण्याचा सराव सुरू झाला. मग कन्येनं सामानाची यादी दिली. तिच्यात सातव्या क्रमांकावर होतं, "ऊबदार सिंथेटिक जॅकेट." मी कपाटातून दोन स्वेटर, मफलर, माकडटोपी आणि पावसाळी विंडचीटर काढून तिच्यापुढे मांडले. वस्तुसंग्रहालयातली माणसं खापराच्या तुकड्यांकडे पाहतात तशी तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "हे आतून घाला बाबा," ती म्हणाली, "पण वरून जॅकेट लागेलच."

चौकशी केली तेव्हा कळलं की ऊबदार जॅकेटांच्या दोन जाती असतात. एक पिसांचं, दुसरं कृत्रिम तंतूंचं. पिसांचं जॅकेट वजनाला हलकं, ऊब दांडगी आणि दाबलं की दुधाच्या पिशवीएवढं होतं. माझा कल तिकडे होता. पण हिनं विचारलं, "पिसं कुणाची?"

"बदकांची, हंसांची."

"मग बदकानं काय घालायचं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तेवढ्यात मी त्या जॅकेटाच्या किमतीची चिठ्ठी वाचली आणि मलाही बदकांबद्दल एकदम कळवळा वाटू लागला.

कन्येचं कारण निराळं होतं. पिसं ओली झाली की एकमेकांना चिकटतात, चपटी होतात आणि त्यांची ऊब जाते. मग ती वाळवायची म्हणजे दिवसभराचं काम. कृत्रिम तंतू थोडे जड, बॅगेत जागाही जास्त खातात, पण ओले झाले तरी बऱ्यापैकी फुगलेले राहतात आणि लवकर वाळतात. "आणि बाबा, तुम्हाला घाम किती येतो!" ती म्हणाली. माझ्या घामाची कीर्ती सोलापूरपासून चालत आलेली असल्यामुळे मी वाद घातला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मेजरसाहेब राहतात. जॅकेटाची बातमी जिन्यावरून त्यांच्यापर्यंत पोचली आणि ते स्वतः खाली उतरले. "पहिली गोष्ट लक्षात ठेवा," ते म्हणाले, "जॅकेट म्हणजे शेकोटी नव्हे. जॅकेटाला स्वतःची ऊब नसते. ऊब तुमच्या अंगाची. जॅकेट फक्त तुमच्याभोवतीची हवा हलू देत नाही. हवा अडली की ऊब अडली."

मी पदवीधर माणूस. तरीही माझ्या डोक्यात हे शिरेना. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, थंडीत दही लावते तेव्हा भांडं टॉवेलात गुंडाळून ठेवते ना? टॉवेल कुठे गरम असतो? दूध कोमट असतं."

मेजरसाहेब तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वहिनींना समजलं. आता चालताना अंगात जॅकेट ठेवायचं नाही. चढावर माणूस तापतो, घाम येतो, आतले कपडे ओले होतात आणि थांबल्यावर तोच घाम गारठवतो. निघताना थोडी थंडी वाजली तर वाजू द्यायची. थांबलात की ताबडतोब चढवायचं."

म्हणजे साडेचार हजारांचं जॅकेट घ्यायचं, ते पाठीवर वाहायचं आणि कुडकुडत चालायला लागायचं. हा व्यवहार मला लष्करी वाटला.

दुकानात गेलो ती नोव्हेंबरातली दुपार होती. बाहेर तीस डिग्री. जॅकेट दोन स्वेटरांवरून घालून पाहायचं अशी कन्येची सक्त सूचना होती, कारण आतल्या कपड्यांनी ते तट्ट झालं तर आत हवा राहणार कुठे? त्यामुळे मी दोन स्वेटर, त्यावर जॅकेट आणि डोक्यावर त्याचीच टोपी अशा थाटात पुण्याच्या एका दुकानात उभा होतो. मग हात वर करून पाहिले, कारण हात वर केल्यावर कंबर उघडी पडता कामा नये. खाली वाकून पाहिलं. एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या, त्यांनी मुलाला आपल्या मागे घेतलं.

पुढे प्रश्न आला ग्रॅमचा. या जॅकेटांत भरलेल्या तंतूंचं वजन दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात. कुठे 60, कुठे 80, कुठे 100, कुठे 133. ग्रॅमच्या हिशेबानं मी आजवर फक्त सोनं आणि केशर घेतलेलं, तेही इतरांच्या आग्रहाखातर. 60चं चालत्या माणसासाठी, 133चं बसून राहणाऱ्यासाठी, असा साधारण हिशेब कन्येनं सांगितला. मी 100चं पसंत केलं. आयुष्यात मी कायम मधला वर्ग पकडत आलो आहे.

त्यावर एक चिठ्ठी होती, "उणे 10 अंशांपर्यंत." मी दुकानातल्या मुलाला विचारलं, "उणे दहा तू कुठे पाहिलंयस?"

"लेबलवर, सर."

उत्तर प्रामाणिक होतं. उणे दहा चालताना की बसल्या जागी, पोटभर जेवून की उपाशीपोटी, आत काय घालून, हे लेबल सांगत नव्हतं. ते ज्याचं त्यानं वर जाऊन ठरवायचं.

घरी येऊन रात्री चष्मा लावून मी जॅकेटाच्या आतली बारीक पट्टी वाचली. शंभर टक्के पॉलिएस्टर! मी उठून कपाट उघडलं. सफारी तिथेच होता, एकही चुणी नसलेला. चाळीस वर्षांनी वैऱ्यानं वेष पालटून घरात प्रवेश केला होता. मग या घराण्याचा थोडा इतिहास पाहिला. 1941 साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी हा धागा शोधला. आपण ज्याला टेरिलीन म्हणून डोक्यावर घेतलं तो हाच. पुढे 1980च्या दशकात अमेरिकेच्या लष्कराला ओल्यातही टिकेल असं पिसांसारखं काहीतरी हवं होतं, तेव्हा याच धाग्याचे अतिबारीक तंतू करून प्रायमालॉफ्ट नावाचं भरण तयार झालं. म्हणजे ज्या दशकात अमेरिकन सैनिकाची थंडी पळवायला पॉलिएस्टर कामाला लावायचं घाटत होतं, त्याच दशकात सोलापुरात ते माझ्यावर मे महिन्यात चढवण्यात आलं.

विचार केल्यावर लक्षात आलं की धाग्याचा गुण एकच. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. सोलापुरात त्यानं माझा घाम प्यायला नाही, म्हणून मी भिजलो. हिमालयात तो पिणार नाही, म्हणून तंतू फुगलेले राहणार. दोष धाग्याचा नव्हता, मुहूर्ताचा होता. चाळीस वर्षांनी मी सासऱ्यांना मनातल्या मनात माफ केलं.

आता हिचं जॅकेट. इथवर मी जे हसत हसत सांगितलं ते इथे जरा अडतं.

"मला काय, साधं चालेल," ही म्हणाली.

हे वाक्य आमच्या घरात चाळीस वर्षं चालत आलं आहे. माझा चष्मा चांगल्या दुकानातला, हिचा "साधा चालेल." माझे बूट चामड्याचे, हिच्या चपला "साध्या चालतील." दरवेळी मी एकदा "अगं, असं काय" म्हणतो आणि मग साधं आणतो. याही वेळी म्हटलं. आणि एका सेलमधल्या ढिगाऱ्यातून नऊशे रुपयांचं जांभळं जॅकेट आणलं. दिसायला ते माझ्यापेक्षाही गुबगुबीत होतं. कन्या त्या दिवशी ऑफिसात होती. "आईचंही घेतलं," एवढंच मी तिला फोनवर सांगितलं.

डेहराडूनहून दिवसभराच्या वळणावळणाच्या प्रवासानं सांक्री गाव गाठलं आणि दुसऱ्या दिवशी चालायला लागलो. वाट देवदार-पाइनच्या रानातून, पुढे पायाखाली बर्फ. मी मेजरसाहेबांचं स्मरण करून जॅकेट पाठीवरच्या पिशवीत ठेवलं आणि कुडकुडत निघालो. ही मात्र जॅकेट घालूनच चालत होती. "काढ ना," मी दोनदा म्हटलं. "राहू दे, बरं वाटतंय," ती म्हणाली. लहान मुलीसारखी ती बर्फाला हात लावत होती, म्हणून मीही पुढे बोललो नाही.

जुडा का तालाब हे नऊ हजार फुटांच्या आसपासचं तळं. पाणी गोठलेलं, कडेला तंबू. चारला सूर्य झाडांमागे गेला आणि थंडीनं एकदम ताबा घेतला. मी ऐटीत जॅकेट चढवलं. पाच मिनिटांत त्याच्या आत एक छोटं सोलापूर तयार झालं. गरम सूपचे पेले आले. हिच्या पेल्यातलं सूप हिंदकळून बाहेर येत होतं.

"काय गं?"

"काही नाही. वयानं हात हलतो."

सकाळी तिच्या हाताला वय नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. जॅकेट बाहेरून गार आणि आतून ओलं होतं. मग कळलं की चेन सकाळीच अडकली होती, वरही जाईना, खालीही येईना. "चांगली जोरात ओढली तर तुटेल, नवीन आहे," म्हणून ती दिवसभर तशीच घामात चालली. विरळ शिलाईमुळे आतलं सगळं भरण सरकून कमरेपाशी गोळा झालं होतं. खांद्यांवर नुसतं कापड होतं. नऊशे रुपये तिच्या कमरेभोवती पोत्यासारखे लोंबत होते.

कन्येनं तिला तंबूत नेलं, जॅकेट डोक्यावरून ओढून काढलं, ओले कपडे बदलले. मी माझं जॅकेट काढून दिलं. तिनं ते चढवलं, हनुवटीपर्यंत चेन लावली आणि डोळे मिटून बसली. कन्या माझ्याकडे काही न बोलता पाहत होती. आमच्या कन्येला बोलायला आवडतं, त्यामुळे ती गप्प बसली की बरंच बोलून जाते.

थोड्या वेळानं हिचं थरथरणं थांबलं. डोळे न उघडता म्हणाली, "आधीच तापलेलं मिळालं हो."

"तुझंच शास्त्र," मी म्हटलं. "दही लागलं का?"

"लागतंय," ती म्हणाली.

त्या रात्री मी दोन स्वेटर, विंडचीटर, माकडटोपी आणि कन्येचा जादाचा फ्लीस घालून स्लीपिंग बॅगेत शिरलो. झोप फारशी आली नाही. थंडीनं नव्हे. चाळीस वर्षांतल्या "साधं चालेल"ची यादी डोक्यात चालू होती आणि ती केदारकंठ्यापेक्षा उंच झाली.

पुढच्या मुक्कामावर माझं डोकं दुखू लागलं. गाईडनं मला तिथेच थांबवलं. पहाटे अंधारात हातात बत्त्या घेऊन मायलेकी निघाल्या. दुपारी परत आल्या तेव्हा हिचं नाक लाल झालेलं आणि तोंड थांबत नव्हतं. स्वर्गारोहिणी अशी दिसली, बंदरपूंछ तसं दिसलं. दोन महिने मी ज्याची निवड करत होतो ते जॅकेट शिखरावर जाऊन आलं. मी गेलो नाही, पण माझी निवड चुकली नाही एवढं मला कुणी तरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही.

ही जॅकेटं दाबून ठेवली तर तंतू कायमचे बसतात, म्हणून ते आता कपाटात हॅंगरला लटकवलेलं असतं. शेजारी सफारी. दोघंही शंभर टक्के पॉलिएस्टर, दोघंही चुरगळत नाहीत. जॅकेट अर्थातच हिचं झालं आहे. वातानुकूलित बसमध्ये ती ते घालते आणि मी मफलर गुंडाळून शेजारी बसतो.

परवा ती म्हणाली, "पुढच्या थंडीत पुन्हा जाऊ या. तुम्हाला एक जॅकेट घ्यायला हवं."

"मला काय, साधं चालेल," मी म्हटलं.

"चालायचं नाही," ती म्हणाली. "चेन मी स्वतः लावून बघणार आहे."